वरच्या वॉर्डातले चौदा रेडिएटर

देवधार, हिमाचल
९ एप्रिल १९७८

प्रिय मामा,

तुम्हाला नमस्कार, आणि मामीला त्याहून मोठा, कारण या पत्रामुळे तिला ताप होणार आहे हे मला आत्ताच दिसतंय.

सरळ मुद्द्यावर येते. मी नर्स आहे ते आमचं क्षयाचं हॉस्पिटल इंग्रजांच्या काळातलं, दोन मजली. तळघरात एक भलामोठा बॉयलर आहे. त्यातलं गरम पाणी पाइपांतून वर चढतं, प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं आणि परत खाली येतं. रेडिएटर म्हणजे कमरेइतकं उंच, पोकळ फासळ्यांचं लोखंड. ते तापलं की खोली तापते. खाली पुरुषांचा वॉर्ड आहे, वर बायकांचा. वरच्या मजल्यावर असे चौदा रेडिएटर आहेत. संतराम मिस्त्री होते तोवर चौदाही तापायचे म्हणतात. ते वारले त्याला दोन वर्षं झाली. यंदाच्या हिवाळ्यात चौदातले पाच तापले.

जानेवारीत खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फ धरायचा. तीन बायकांना उपचार अर्धवट टाकून घरी पाठवलं. त्यातली एक, बावीस वर्षांची, मार्चमध्ये वारली. तिला बसमध्ये मीच बसवून दिलं होतं, मामा. तिने खिडकीतून हात हलवला होता.

आमचे मोठे डॉक्टर कटोचसाहेब, माणूस वाईट नाही. पण त्यांनी लेखी कळवलंय की एक डिसेंबरला कमिटी येईल, आणि तोवर वरचा वॉर्ड तापला नाही तर तो बंद. म्हणजे अठरा बायका घरी. पुरुषांचा वॉर्ड चालूच राहणार, तो तापतो ना! मला राहवलं नाही. मीटिंगमध्ये उठून मी बोलून गेले की माझे मामा वर्ध्याला बॉयलरचे एक्स्पर्ट आहेत. साहेब म्हणाले, "तो पूछिए उनसे."

तर विचारते आहे. या महिन्याच्या अखेरपर्यंत इथे भट्टी चालू असते. लवकर लिहा.

तुमची,
नलू


सिंदी मेघे
१८ एप्रिल ७८

चि. नलूले मामाचा पोटभर आशीर्वाद.

एक्स्पर्ट म्हणालीस ना, मंग बराबरच म्हणालीस. एकतीस वर्षं कापसाच्या जिन-प्रेसच्या बॉयलरवर होतो. माह्यामुळं एक दिवस बी प्रेस बंद नाई पडली. रेडिएटर म्हणजे काय ते मले ठाऊक आहे. मोटारीले असते तेच, तुह्यं जरा मोठं असंन.

मी तिथं येत नाई. गुडघे ऐकत नाई, आन् तुह्यी मामी आनंदाबाई म्हणते का त्या बर्फात गेलात तं मले परत भेटणार नाई. पण घाबरू नोको. मी इथून सांगतो, तू तिथं करजो.

पहिलं काम. भट्टी विझवाच्या आधी चौदाच्या चौदांले हात लाव. नुसतं गरम-थंड नोको सांगू. वर थंड का खाली थंड, सुरुवातीले थंड का टोकाले थंड, सकायी कसं, दुपारी कसं, सगळं लिहून धाड. बॉयलरची तब्येत हातानंच कळते. पोरी, तू नर्स आहे, तुले हे शिकवाची गरज नाई.

त्या बावीस वर्षांच्या पोरीचं वाचून मामी जेवली नाई त्या दिवशी.

तानबा मामा


देवधार
४ मे १९७८

प्रिय मामा,

तुमचं पत्र भट्टी विझायच्या तीन दिवस आधी मिळालं. मी काय केलं सांगू? पेशंटच्या पलंगाला तापाचा तक्ता असतो ना, तसा एकेक तक्ता चौदाही रेडिएटरना बांधला. दर दोन तासांनी फेरी. बाकीच्या नर्सेस म्हणतात, नलूचं डोकं फिरलं, लोखंडाची नाडी बघते. अठरा नंबरच्या पलंगावरच्या शांतीदेवी मला विचारतात, "सिस्टर, आज चौदा नंबरला ताप आला का?" चौदावा रेडिएटर त्यांच्या उशाशी आहे. तो कायम गार.

आता अहवाल. जिन्याजवळचे पहिले पाच कडकडीत गरम. एक नंबर डॉ. कटोच यांच्या ऑफिसात आहे, त्याला हात टेकवत नाही. पुढचे चार खाली गरम, वर गार. शेवटचे पाच दिवसभर गार.

आणि प्रत्येकाच्या वरच्या टोकाला एक छोटा चौकोनी डोक्याचा खिळा आहे, खोलगट जागेत. भट्टीवाले हरदयाल सांगतात की संतरामकडे त्याची एक किल्ली होती, ती ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता कुठेच सापडत नाही. मी एक खिळा पक्कडीने फिरवून काढला. डोकं जरा चेपलं, पण चौकोन कळतो. कापसात गुंडाळून सोबत पाठवते आहे.

मोटारीच्या रेडिएटरसारखं इथे काही दिसत नाही, मामा. तुम्ही असले पाहिले आहेत ना नक्की?

नलू


सिंदी मेघे
१९ मे ७८

चि. नलूले आशीर्वाद. मामीचा राग सुरू आहे, पण तो माह्यावर आहे, तू तुह्या वाट्याचा आशीर्वाद घे.

तू विचारलं का मामा, पाह्यले आहे ना नक्की. नाई पाह्यले. खोटं कायले बोलू? मी जन्मभर वाफ पाह्यली. वाफ जोरात पळते, प्रेस दाबते. हे तुह्यं पाणी आपल्या मनानं कसं फिरते ते मले समजेना. मंग मी आंगणात तुह्यं हॉस्पिटल बांधलं.

हासू नोको. खाली तेलाचा डबा, तो बॉयलर. त्याच्यावर चार डबे, ते रेडिएटर. मधात पाइपाचे तुकडे, जिनाच्या भंगारातून मागून आणले. सांधे सुतळी आन् सफेदा लावून बंद केले. एकदम वर काचेची बाटली उलटी बसवली, आत काय चाललं ते दिसावं म्हून. पाण्यात हळद टाकली आन् खाली जाळ लावला. बाप्पा! पंप नाई, काही नाई, तरी हळदीचं पाणी आपोआप वर चढते, डब्यातून फिरते, थंड झालं का दुसऱ्या पाइपानं खाली उतरते. मी तिथंच मांडी घालून बसलो आन् दोन घंटे पाहत राह्यलो.

बाहेर शेहेचाळीस डिग्री. किराणावाला किसनराव दुकान सोडून आला. म्हणे, "तानबा, मे महिन्यात घर गरम करून राह्यला काय? ऊन कमी पडलं का?" त्याच्यामागं अर्धी सिंदी मेघे आली. मामीनं डोक्यावर पदर ओढला आन् घरात जाऊन बसली. म्हणे, "माणसं उन्हानं पटापट पडून राह्यली, आन् हा आंगणात भट्टी पेटवते! बह्याड झाला हा माणूस!" दोन दिवस माह्याशी बोलली नाई. तिसऱ्या दिवशी बोलली, पण ते लिहिण्यासारखं नाई.

पण काम झालं. बाटलीत वरच्या टोकाले हवा जमली. हवा बसली का तिथं पाणी शिरत नाई, म्हून तुह्ये चार वर गार आन् खाली गरम. तो चौकोनी खिळा हवा सोडाचा आहे. सोबत तो खिळा परत धाडला आन् दोन किल्ल्या, कानसीनं घासून केल्या. भट्टी चालू झाली का एकेक खिळा अर्धा आटा फिरव. फुस्स होईन, मंग थुंकल्यासारखं पाणी येईन. धार लागली का बंद कर. खाली फडकं धरजो.

शेवटचे पाच काऊन मेले ते अजून समजलं नाई. माळ्यावर एखादी टाकी असंन, तिथं पाहा.

तानबा मामा


देवधार
२ जुलै १९७८

प्रिय मामा,

किल्ली बसली! अशी बसली की संतरामनेच दिलीय असं वाटावं. हरदयालनी ती कपाळाला लावली.

माळ्यावर टाकी आहे. चिमण्यांची घरटी, त्यांच्याखाली टाकी. आतला पाण्याचा फुगा गंजून वर अडकला होता, त्यामुळे नवं पाणी येणंच बंद, टाकी पाऊण रिकामी. फुगा बदलला. भट्टी बंद आहे तोवर बॉयलरच्या धुराच्या नळ्याही साफ केल्या. हरदयाल आत आणि मी बाहेर. इतकी काजळी निघाली की मेट्रनने मला ओळखलं नाही. दारात उभी राहून विचारते, "किससे मिलना है?"

मामीला सांगा, तिचं डोकं फिरलेलं माणूस इथे अठरा बायकांना ठाऊक झालंय. शांतीदेवी रोज तुमच्या डब्यांची गोष्ट सांगायला लावतात. त्या पश्मिना विणायच्या पूर्वी, घरी चार मुलं आहेत. म्हणतात, अजून आठ महिने सुया घेतल्या की मी बरी होऊन जाईन, तेवढं इथे राहू दे म्हणजे झालं.

नलू


सिंदी मेघे
१६ सप्टेंबर ७८

चि. नलूले आशीर्वाद.

आता तुह्यी भट्टी पेटाची वेळ आली. माह्यं सांगणं नीट वाच आन् भिंतीले लावून ठेव.

एक. पहिल्या दिवशी हळूहळू तापव. थंड लोखंडाले एकदम जाळ दिला तं ते तडकते.

दोन. खालून वर, जवळून लांब, या हिसाबानं हवा काढ.

तीन, आन् हे सगळ्यात महत्त्वाचं. रोज सकायी बॉयलरच्या बुडाचा कॉक उघडून दोन बादल्या पाणी सोडून दे. हे मी एकतीस वर्षं केलं. आपल्याकडचं विहिरीचं पाणी जड, आत खपली धरते, रोज बुडाचा गाळ काढला नाई तं बॉयलर मरते. ज्याच्या बॉयलरवर हा नेम चुकला त्याचा बॉयलर फुटलेला मी डोयानं पाह्यला. तेव्हा यात आळस नाई चालणार.

किसनरावले सांगून ठेवलं, एक डिसेंबरले पेढे तुह्याच दुकानातून घेईन. तो म्हणे, उधार का रोख. मी म्हणलं, तू फुकट देशील.

तानबा मामा


देवधार
१८ ऑक्टोबर १९७८

प्रिय मामा,

भट्टी पेटली. हवा काढली, चारही वरपर्यंत तापले. रोज सकाळी सात वाजता दोन बादल्या न चुकता सोडते. सगळं छान चाललंय. काळजी करू नका.

दिवाळीचं फराळाचं पार्सल पोचलं. अनरसे एकाच दिवसात संपले.

नलू


देवधार
५ नोव्हेंबर १९७८

प्रिय मामा,

मी तुमच्याशी खोटं बोलले. मागच्या पत्रात छान चाललंय लिहिलं, ते पहिल्या दोन दिवसांपुरतं खरं होतं. नंतर सगळं बिघडत गेलं. सकाळी हवा काढते, चौदातले नऊ तापतात. संध्याकाळपर्यंत परत चार-पाच गार. रेडिएटर रात्रंदिवस सुसू करतात. मी दिवसातून तीनदा किल्ली घेऊन फिरते, बोटाला भाजून फोड आलेत. आणि शेवटचे पाच तर एकदाही तापले नाहीत.

तुम्ही मे महिन्याच्या उन्हात भट्टीपाशी बसलात, गावाचं हसू झेललंत, मामीचे बोल खाल्लेत. तुम्हाला कसं कळवू की तरी जमलं नाही? म्हणून लपवलं. काल डॉ. कटोचनी मला बोलावून अठरा जणींच्या घरचे पत्ते मागितले. मी यादी अजून दिलेली नाही. शांतीदेवींना कोणीतरी सांगितलंय. त्यांनी गाठोडं बांधून उशाला ठेवलंय.

मामा, मला राग येतोय. रडूही येतंय. काय चुकतंय ते सांगा.

नलू


सिंदी मेघे
५ नोव्हेंबर ७८

नलू,

आधी तळघरात जा आन् तो बुडाचा कॉक बंद कर. एक थेंब पाणी सोडू नोको. मंग बाकीचं वाच.

माह्यं चुकलं. सांगतो कसं. दिवाळीले थंडी पडली तशी आंगणातली भट्टी परत पेटवली. तू लिहिलं ना छान चाललं, म्हून मी छाती फुगवून आल्यागेल्याले दाखवत होतो. नेमाप्रमाणं रोज सकायी डब्यातून तांब्याभर पाणी सोडत होतो, वरून ताजं टाकत होतो. आन् रोज दुपारी बाटलीत हवा. रोज काढो, रोज जमे. मले वाटे, सांध्यातून येत असंन.

मंग चतुर्थीले मी केळझरले गणपतीच्या दर्शनाले गेलतो. तिथं तुह्या मावशीनं ठेवून घेतलं, दोन दिवस लागले. इकडं मामी हात शेकाले जाळ चालूच ठेवून होती, पण पाणी काही तिनं सोडलं नाई. येऊन पाहतो तं बाटली काठोकाठ भरलेली, हवेचा एक बुडबुडा नाई!

तिथंच पायरीवर बसलो. अगं, हवा ताज्या पाण्यातून येते. ताजं पाणी तापलं का त्याच्यातली हवा निघते आन् वर जाऊन बसते. माह्या प्रेसमधी वाफ उडून जाये, रोज नवं पाणी लागे, म्हून खपली धरे, म्हून गाळ काढा लागे. तुह्यं पाणी तेच तेच फिरते. त्याले जुनंच राहू द्याचं. मी एकतीस वर्षांचा नेम तुह्या गळ्यात बांधला आन् रोज दोन बादल्या हवा तुह्या वॉर्डात भरली.

एवढं चुकीचं सांगूनही तू म्हणते छान चाललं. नलू, हे कसं? तुह्यं छान चाललं असंन तं मी शहाणा नाई, आन् नसंन तं तू खोटी आहे. मले वाटते तू खोटी आहे. यापुढं मामाले वाईट वाटंन म्हून काही लपवू नोको. माह्या वाटण्यावर अठरा बाया टांगल्या आहे काय?

तानबा


देवधार
१३ नोव्हेंबर १९७८

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमचं वाचून मी तळघराकडे पळत सुटले. कॉक बंद केला, एकदाच सगळी हवा काढली. आज चौथा दिवस. सुसू बंद. किल्ली खिशातच आहे. नऊच्या नऊ रेडिएटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वरून खालपर्यंत गरम! हरदयाल तळघरात गाणं म्हणतात, अतिशय बेसूर.

खोटी म्हणालात ते कबूल. परत नाही.

पण म्हणून खरं तेच लिहिते. शेवटचे पाच अजून गार आहेत. हवा नाही, पाणी भरलेलं आहे, खिळा सोडला की लगेच धार लागते. तरी गार. आणि त्याच पाचांच्या रांगेत अकरा पलंग आहेत. डॉक्टर म्हणतात, अर्धा वॉर्ड चालवता येणार नाही, एक तर सगळा नाहीतर बंद. काही विचारायचं असेल तर विचारा. हरदयाल एक सांगत होते, संतराम गेल्यावर ज्याला थंडी वाजली त्याने आपापल्या रेडिएटरचा कॉक पूर्ण उघडला. आता चौदाही पूर्ण उघडे आहेत, म्हणजे तिकडून अडकायचं काही कारण नाही.

अठरा दिवस उरलेत.

नलू


सिंदी मेघे
२० नोव्हेंबर ७८

चि. नलूले मामा-मामीचा आशीर्वाद, आन् यावेळी मामीचा आधी घे.

तार केली ती भेटली असंन. पोस्टातल्या बाबूनं मले तीनदा विचारलं, "पहिले अर्धे बंद करा, शेवटचे उघडे ठेवा, हे काय आहे? कोणाले काही होईन असं तं नाई ना?" मी म्हणलं, होईन, चांगलं होईन, तू पाठव.

तुह्यं पत्र सकायी आलं. मी मोठ्यानं वाचलं. मामी मागच्या वाडीत वांग्याले पाणी देऊन राह्यली होती. चौदाही कॉक पूर्ण उघडे, असं वाचलं तशी ती पाठमोरीच म्हणाली, "मंग शेवटी कसं जाईन?" मी म्हणलं, तुले काय समजते यातलं? ती वळली. हातात फावडं. म्हणे, "हे पाहा. सगळ्या वाफ्यांचे तोंडं उघडे टाकले तं पहिले तीन वाफे सगळं पाणी पिऊन घेते. टोकाच्या मिरच्या वाळते. म्हून पहिल्याचं तोंड अर्ध्यावर माती लावून बांधा लागते, दुसऱ्याचं थोडं कमी, आन् शेवटचं सताड उघडं. तीस वर्षं तुमच्या डोयासमोर करून राह्यली, कधी पाह्यलं का?"

नलू, नव्हतं पाह्यलं. मी बॉयलरवाला, वाफ्यांकडं कायले पाहीन? तसाच उठलो, आंगणातल्या पहिल्या डब्याचा पाइप चिंधी कोंबून अर्धा बंद केला. आतापर्यंत चौथा डबा कधी धड तापला नव्हता, मी म्हणत होतो लांब आहे म्हून. पाऊण घंट्यात चौथा डबा हात लावू देईना. मामी फावडं टेकून उभी होती. नुसती हासली. तेच जास्त लागलं.

तं असं कर. एक नंबर पाव ठेव. दोन-तीन अर्धे. चार-पाच त्याहून थोडे जास्त. मधले पाऊण. शेवटचे पाच पूर्ण. एकदम नोको फिरवू. एक फिरव, दोन घंटे थांब, हात लाव, तक्त्यात लिही, मंग दुसरा. ज्याचा कॉक बंद करशील तो ओरडंन. ओरडू दे.

तानबा मामा


देवधार
२ डिसेंबर १९७८

माझ्या लाडक्या मामा आणि माझ्या हुशार मामी,

दोघांना साष्टांग, आणि पत्र बसून वाचा.

बर्फाने तारा तुटल्या होत्या, म्हणून तार चोवीसला मिळाली. तारेचा अर्थ मला लागला, पण किती बंद करायचं ते कळेना. घाबरत एकेक फिरवत होते. तुमचं पत्र अठ्ठावीसला आलं तेव्हा दहा-अकरा जरासे कोमट झाले होते. पुढचे पत्राबरहुकूम. अडचण एकच होती. पहिला वाफा म्हणजे डॉ. कटोच यांचं ऑफिस. ते तीन दिवस दौऱ्यावर होते. मी कोणाला न विचारता त्यांच्या खोलीत शिरले आणि त्यांचा कॉक पावावर आणला. 

चौदा नंबरचा तक्ता तुम्हाला तसाच उतरवून देते. एकोणतीस, सकाळी आठ: गार. दहा: गार. बारा: गार. दोन: कोमट, की मला भास? चार: कोमट. तीस, सकाळी आठ: गरम. दहा वाजता लिहायची वेळच आली नाही. शांतीदेवी पलंगावरून ओरडल्या, "सिस्टर! यह तो जी उठा!" मी धावले. त्यांनी दोन्ही तळवे रेडिएटरवर ठेवले होते आणि रडत होत्या. मग सगळ्या जणी आल्या. ज्यांना उठायची परवानगी नाही त्याही उठल्या, मी कोणाला रागावले नाही. अठरा बायकांनी पाळीपाळीने त्याला हात लावला. शांतीदेवींनी गाठोडं सोडलं आणि त्यातली शाल काढून पायांवर घेतली.

काल बाहेर बर्फ पडत असताना कमिटी आली. तीन माणसं, जाडजूड ओव्हरकोट. ती सरळ शेवटच्या टोकाला गेली, कारण तक्रार तिथलीच होती. अध्यक्षांनी हातमोजा काढून चौदा नंबरवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. बोटांवर फुंकर मारली. मग कोट काढला आणि माझ्या हातात दिला. बाकीच्या दोघांनीही दिले. मी तीन कोट घेऊन खुंटीसारखी उभी आणि आतून नुसती नाचत होते.

मग डॉ. कटोच म्हणाले, "सिस्टर, काल दौऱ्यावरून आल्यापासून बघतोय, माझं ऑफिस जरा थंड आहे." मी खरं सांगून टाकलं. वाफे, वांगी, मिरच्या, सगळं. पहिला तुमचा होता सर, तो बांधल्याशिवाय इथवर पोचत नव्हतं. वाटलं आता नोकरी गेली. त्यांनी चौदा नंबरवर हात ठेवला. मग म्हणाले, "दोन हिवाळे मी खिडकी उघडी टाकून बसत होतो. खोली फार तापायची म्हणून."

मामा, मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि लगेच नाही आला. कारण ते त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या पलंगाकडे बघत होते, आणि त्यांना काय दिसतंय ते मला दिसत होतं. त्यांनी तिथेच उभ्याने हुकूम लिहिला. वरचा वॉर्ड हिवाळाभर चालू. आणि घरी पाठवलेल्यांपैकी ज्या दोघी आहेत, त्यांना परत आणायला उद्या हॉस्पिटलची गाडी जाणार. अठरा नाहीत मामा, वीस!

साहेब विचारतात, मामा दरवर्षी एकदा मिस्त्री म्हणून येतील का, येण्याजाण्याचं हॉस्पिटल बघेल. काय सांगू?

तुमची,
नलू


सिंदी मेघे
११ डिसेंबर ७८

चि. नलूले, आमच्या दोघांच्या काळजाच्या तुकड्याले.

तुह्यं पत्र मी चार वेळा वाचलं. एकदा मनात. एकदा मामीले. एकदा किसनरावच्या दुकानासमोर उभं राहून, सगळ्यांले ऐकू जाईन असं. चौथ्यांदा त्यानं स्वतः मागून घेतलं. वीस हा आकडा त्यानं दोनदा वाचला. मंग पेढ्याचं ताट बाहेर आणलं आन् रस्त्यानं जाणाऱ्याले बोलावून बोलावून वाटे, जसं का हॉस्पिटल त्यानंच गरम केलं.  करू दे.

मामीले म्हणलं, तू मिस्त्री आहे, मी तुह्या हाताखालचा. ती म्हणे, ते मले लग्नाच्या वर्षीच समजलं होतं. पण संध्याकाळी वाडीत गेली आन् वाफ्यापाशी बसून राह्यली. जवळ गेलो तं डोये पुसत होती. म्हणे, त्या शांतीदेवीच्या चार लेकरांची माय घरी जाईन ना हो आता? मी म्हणलं, जाईन, बरी होऊन जाईन. मंग मले बी राहवलं नाई.

डॉक्टरसाहेबांले नमस्कार सांग आन् म्हण, मामा मिस्त्री म्हून येत नाई. मिस्त्री तुमच्याकडं आहे. चौदांची नाडी जिले पाठ आहे, साहेबाचा कॉक फिरवाची जिची हिंमत झाली, ती. मी आजपासून तुले काही शिकवत नाई. कॉक कुठं कसे ठेवले ते लाल रंगानं लोखंडावर खूण करून ठेव, म्हणजे तुह्यामागं जो येईन त्याले पत्र लिहा लागू नये.

पण नलू, एक सांगतो. रात्रंदिवस त्या लोखंडाचा विचार केला. मनात त्याच्या फासळ्या मोजल्या, त्याच्यासाठी गावात बह्याड ठरलो, त्याच्यामुळं तुह्याशी भांडलो. आन् मी त्याले आजवर एकदा बी हात नाई लावला.

म्हून काल वर्ध्याले जाऊन दिल्लीच्या गाडीचे दोन तिकिटं काढले. गुडघ्यांले विचारलं नाई. मामीनं स्वेटर विणाले घेतलं, एक तुह्या शांतीदेवीले बी. अठ्ठावीस तारखेले निघतो. कोणाले कामाचं सांगू नोको, सत्कार नोको, काही नोको. मले फक्त वरच्या वॉर्डात टोकापर्यंत ने आन् चौदा नंबरवर हात ठेवू दे.

तुहा मामा,
तानबा